गुरनुले सरांची खोड

माणसांची जात काढणारे मी पुष्कळ पाहिले होते. भाजीची जात काढणारा माणूस मला पहिल्यांदा भेटला तो सावली तालुक्यातल्या एका सरकारी शाळेत, मधल्या सुट्टीत. मी नागपूरहून नुकतीच तिथे रुजू झाले होते. डबा उघडला, तर शेजारच्या खुर्चीवरून एक मान लांब होऊन माझ्या डब्यावर आली. केस कलपानं काळेकुळकुळीत, मिशा मात्र पांढऱ्याशुभ्र. कलप बहुधा मिशांपर्यंत पुरला नव्हता.

"काय आणलं बाई?"

"बटाट्याची भाजी."

"म्हणजे खोड आणलं."

मी म्हटलं, "नाही हो, बटाटा."

"तेच म्हणून राह्यलो ना जी. बटाटा म्हणजे खोड. जमिनीखाली राहते म्हणून लोक त्याले मूळ समजते. आपल्या हेडसरलेबी लोक हेडसर समजतेच ना." हेडसर समोरच बसले होते. त्यांनी आपल्या वांग्याच्या भाजीवर झाकण ठेवलं, पण उशीर झाला होता. "फळ," गुरनुले सरांनी निकाल दिला आणि आपला डबा उघडला. त्यात मुळ्याची भाजी होती. "मूळ," ते समाधानानं म्हणाले, "आन् वरतून पानंबी टाकले आहे बायकोनं. एका डब्यात दोन अवयव."

ही त्यांची खोड शाळेपुरती असती तर एक वेळ चाललं असतं. लग्नाच्या पंगतीतही ते पान वाढलं की मोठ्यानं हजेरी घ्यायचे. एकदा वाढपी पोरगा वरण घेऊन आला, तर सर म्हणाले, "खोड झालं, फळ झालं, बी आलं. आता फूल आण." पोरगा बिचारा मांडवाच्या दाराकडे धावला आणि तोरणातला झेंडू तोडून त्यानं सरांच्या पत्रावळीवर ठेवला. सरांना फुलकोबी पाहिजे होती. गावातला प्रत्येक नवरीचा बाप त्या दिवसापासून सरांना निमंत्रण द्यायचा, पण जेवणाची वेळ उलटल्यावरची वेळ सांगायचा.

सर बी.एस्सी. होते, बॉटनी घेऊन. हे मला पहिल्या दिवशी समजलं, दुसऱ्या दिवशी समजलं आणि पुढे जितके दिवस आम्ही एकत्र नोकरी केली तितके दिवस समजत राहिलं. पाचवीच्या पोरांना शिकवणं हा आपल्यावर झालेला अन्याय आहे, असं त्यांना वाटायचं. आणि तो अन्याय ते इतक्या आवडीनं सोसायचे की बढतीची संधी आली तेव्हा त्यांनी ती नाकारली. केंद्रप्रमुखांना ते पाठीमागे 'बांडगूळ' म्हणायचे. "हिरवं दिसते, फूलबी येते, पन मूळ दुसऱ्याच्या फांदीत." पुढे पुढे ते हे समोरही म्हणू लागले. केंद्रप्रमुखांना बांडगूळ म्हणजे काय हे नीट माहीत नव्हतं. ते हसून मान डोलवायचे.

झाडांवर एवढं बोलणाऱ्या या माणसानं उभ्या आयुष्यात एकही झाड लावलं नव्हतं. त्यांच्या अंगणात तुळस होती, तिला पाणी सरांच्या पत्नी, म्हणजे बाई, घालायच्या. मी घरी गेले की बाई मला ऐकवायच्या, "मूळ पानी शोषते, मूळ पानी शोषते, म्हणून हे दिवसभर सांगते. पन त्या मुळापाशी पानी कोन नेते, हे नाई विचारत कोनी."

वर्गात मात्र सर वेगळेच व्हायचे, हे मला नाइलाजानं कबूल करावं लागतं. रोवणीच्या दिवसांत ते सगळा वर्ग बांधावर न्यायचे आणि न विचारता कोणाचेही धानाचे पऱ्हे, म्हणजे लावणीची रोपं, उपटायचे. तिकडून शेतकरी ओरडायचा, "ओ सर, पोट्टे शिकवा ना, माहे पऱ्हे कायले उपटता?" सरांवर काही परिणाम नाही. चिखल गळत असलेली ती जुडी वर धरून ते सांगायचे, "पाहा, धानाले एक मोठं मूळ नसते. सगळे बारके बारके. पन सारे मिळून माती धरते, म्हणून वावटळ आली तरी धान उभं राहते. मूळ धरते, खोड वाहते, पान कमावते." एखादं पोरगं विचारायचंच, "आन् फूल, सर?" "फूल लगनाच्या तयारीत राहते. त्याले काम सांगू नका." पोरं हसायची आणि पुढे वर्षभर ते विसरायची नाहीत.

अद्रकाचा पाठ याच पद्धतीनं झाला. त्या वर्षी पाचवीचा वर्ग माझ्याकडे होता, विज्ञान तेवढं सर घ्यायचे. बोरकुट्यांच्या किराणा दुकानातून त्यांनी अद्रक आणलं आणि एकेकाच्या हातात दिलं. "डोळे मिटा आन् बोट फिरवा. गाठ लागली? गाठीवर कागदासारखा खवला लागला? खवल्याच्या कुशीत बारकं टेंगूळ लागलं? तो डोळा. ज्याले गाठ आन् डोळा, ते खोड. मंग ते आभाळात असो का जमिनीत. मुळाले डोळे नसते."

कोडाप्यांची समीक्षा उठली. चणीनं लहान, पण प्रश्न विचारायला लागली की समोरच्याला खुर्ची शोधावी लागायची. "सर, रताळं मूळ आहे म्हनता. पन आमच्या घरी रताळ्यालेबी कोंब आले होते."

सरांचा चेहरा असा खुलला की जणू कोणी त्यांना हार घातला. "शाबास! रताळ्याचा कोंब कुठूनबी निघते, मनाले येईल तिथून. अद्रकाचा कोंब डोळ्यातूनच निघते. घरी जा, दोन्ही मांडून पाह्य, आन् मी खोटं बोलत असलो तं उद्या वर्गात सांग." दुसऱ्या दिवशी ती दोन्ही घेऊन आली. सर खोटं बोलत नव्हते. त्याची खात्री करून घेतल्याशिवाय तिनं मान हलवली नाही.

बोरकुट्यांचा यश त्या दिवशी शाळेत नव्हता. मावशीच्या लग्नाला गेला होता. ज्यांच्या दुकानातलं अद्रक, त्यांचाच पोरगा पाठाला हजर नव्हता.

जिल्ह्याच्या निवासी शाळेची प्रवेश परीक्षा झाली. तिथे लागलेल्या पोराचं राहणं, जेवण, शिक्षण सगळं होतं, त्यामुळे गावातल्या प्रत्येक घराचा डोळा त्या यादीवर असायचा. प्रश्नपत्रिकेत एक प्रश्न होता: अद्रक हा वनस्पतीचा कोणता भाग आहे? समीक्षानं 'खोड' लिहिलं. यशनं 'मूळ' लिहिलं. जमिनीतून निघते ते मूळ, असा त्याचा सरळ हिशेब. परीक्षा घेणाऱ्यांचाही तोच हिशेब निघाला. उत्तरतालिकेत 'मूळ' होतं.

निकाल मोबाईलवर आला. यश यादीत शेवटचा. समीक्षा एका गुणानं बाहेर, प्रतीक्षा यादीत पहिली.

चौकात फ्लेक्स लागला. त्यावर तालुक्यातल्या सगळ्या पुढाऱ्यांचे हात जोडलेले मोठमोठे फोटो होते आणि खाली कोपऱ्यात, पासपोर्टाएवढा, यश. शाळेत सत्कार ठेवला. हेडसरांनी मार्गदर्शक शिक्षक म्हणून गुरनुले सरांना बोलायला उभं केलं; हा त्यांच्या कारकिर्दीतला सगळ्यात धाडसी निर्णय होता. सर म्हणाले, "यशचं अभिनंदन. तो चूक लिहून पास झाला, यात त्याची चूक नाई. चूक तपासणाऱ्याची आहे. अद्रक खोड आहे." आणि खाली बसले. टाळ्या वाजवाव्यात की नाही हे कोणालाच कळेना. बोरकुटे दुकानदार यशच्या गळ्यातला हार नीट करत सरांकडे बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी समीक्षाचे वडील शाळेत आले. थोडी धानाची शेती आणि बाकी जंगलातला मोह, तेंदूपत्ता यावर त्यांचं घर चालायचं. ते दाराबाहेरच उभे राहिले. आत या म्हटलं तरी आले नाहीत.

"सर, एक विचारू का जी?"

"विचारा ना भाऊ."

"तुमी तिले शिकवलं नसतं, तं ते लागली असती का?"

आवाजात राग नव्हता. खरंच माहिती हवी होती. कोडापे थोडा वेळ थांबले, "बरं जी" म्हणाले आणि गेले. त्या दिवशी मधल्या सुट्टीत सरांनी कोणाचाही डबा पाहिला नाही.

आठवडा उलटायच्या आत सर परीक्षा घेणाऱ्या चंद्रपूरच्या ऑफिसला निघाले. ते तिथे भांडतील म्हणून हेडसरांनी मला सोबत पाठवलं. मी मुलीची वर्गशिक्षिका, हे निमित्त. सरांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता आणि त्याच्या खिशात पेनाशेजारी अद्रकाचा तुकडा होता.

साहेब तरुण होते, सभ्य होते, आणि भिंतीइतकेच ऐकणारे होते. सरांनी अद्रक त्यांच्या टेबलावर ठेवलं.

"साहेब, हे मूळ आहे का खोड?"

साहेबांनी अद्रकाकडे पाहिलंही नाही. "उत्तरतालिकेत काय आहे?"

"मूळ."

"मग मूळ आहे."

"हात तं लावून पाहा ना जी. ही गाठ, हा खवला, हा डोळा. तुमच्या कपाटातल्या पुस्तकातबी हेच लिहून आहे."

"गुरुजी, उत्तरतालिका तज्ज्ञ समितीनं केली आहे."

"समितीत कोन आहे?"

"ते गोपनीय असतं."

"असालेच पाहिजे. असं लिहून मीबी लपूनच बसलो असतो."

मी सरांचा शर्ट ओढला. साहेब रागावले नाहीत. रागवायची त्यांना गरजच नव्हती. "शिवाय आक्षेप घ्यायची मुदत संपली आहे."

"माही संपली असंल. या अद्रकाले नाई समजलं ते. हे अजून कोंब काढून राह्यलं."

तेवढ्यात चहा आला. वास आल्याबरोबर सरांनी कप पुढे सरकवला. "माफ करा साहेब, मले मुळाचा चहा चालत नाई." शिपाई हसला आणि लगेच गंभीर झाला. मी मात्र चहा प्याले. चांगला होता.

मग साहेबांनी कॉम्प्युटरचा पडदा आमच्याकडे वळवला. "समजा, बदललं उत्तर. तुमच्या मुलीचा एक गुण वाढला, या शेवटच्या मुलाचा एक कमी झाला. यादीतून कोण जाईल ते वाचा." पडद्यावर यशचं नाव होतं, पुढे आमच्याच शाळेचं. "दोन्ही तुमचेच. काढू का याला? सांगा."

सर पडद्याकडे बघत बसले. साहेबांनी अद्रकाचा तुकडा दोन बोटांनी उचलून, पाहुण्यानं विसरलेली वस्तू द्यावी तसा, त्यांच्या हातात परत दिला.

परतीच्या एस.टी.त सरांनी अद्रकाचा तुकडा पुन्हा खिशात, पेनाशेजारी ठेवला. मूल गावाचा स्टँड आला. कंडक्टर ओरडला, "मूल! चला, मूल!" सर खिडकीबाहेर बघत म्हणाले, "हाबी त्याच समितीत दिसते." मला हसू आलं. त्यांना आलं नाही. थोड्या वेळानं म्हणाले, "बाई, मी यशले काढा म्हटलं काय? मी तं फक्त म्हटलं, अद्रक खोड आहे."

"सर, आता ते दोन्ही एकच झालंय."

"कोनी केलं एक? मी नाई केलं."

दुसरा कोणी असता तर इथे थांबला असता. सर गावात उतरले ते सरळ बोरकुट्यांच्या दुकानात गेले, आणि त्यांना आवरायला मी मागोमाग गेले. यश गल्ल्यामागे नवीन दप्तराच्या चेनी उघडत आणि लावत बसला होता. सरांनी पोत्यातलं अद्रक उचललं आणि गिऱ्हाइकांच्या देखत त्याला पाठ दिला. गाठ, खवला, डोळा. पोरगं हुशार होतं. क्षणात त्याच्या ध्यानात आलं.

"मंग सर, मी चूक लिहिलं?"

"हो."

"मंग मले काऊन घेतलं? आन् समीक्षाले काऊन नाई घेतलं?"

"हे त्या साहेबाले नाई सुचलं बे," सर म्हणाले. "तुले सुचलं."

बोरकुटे गादीवरून उठले. ते एरवी शांत माणूस, पण आता त्यांनी तराजू बाजूला ढकलला. "सर, माह्या पोराचं नाव यादीतून कटलं, तं मी तुमच्या दारात येऊन बसीन. तुमाले विज्ञान पाहिजे, मले माहा पोरगा शिकलेला पाहिजे. तुमचं अद्रक उचला आन् निघा."

"बाबा," यश हळूच म्हणाला, "अद्रक आपलंच आहे."

सरांनी अद्रक पोत्यात ठेवलं आणि निघाले. त्यानंतर गावातले अर्धे लोक त्यांच्याशी बोलेनासे झाले. उरलेले अर्धे बोलायचे, पण हमखास विचारायचे, "सर, अद्रक काय म्हणते?" खरं सांगायचं तर मलाही त्यांचा राग यायला लागला होता. एखाद्या गोष्टीचं बरोबर असणं माणसानं किती वाढवावं? समीक्षा रोज शाळेत येत होती, पाढे म्हणत होती आणि तिच्याकडे कोणी बघत नव्हतं. बघत होते सगळे अद्रकाकडे.

शेवटी प्रश्न सुटला, पण सरांमुळे नाही आणि साहेबांमुळे तर नाहीच नाही. यादीतल्या, जिवतीकडच्या एका मुलाच्या आईनं ऐन वेळी लेकराला पाठवायला नकार दिला. एवढ्या दूर नाही धाडत, म्हणाली. जागा रिकामी झाली आणि प्रतीक्षा यादीतली पहिली म्हणून समीक्षाला बोलावणं आलं. मी धावत ही बातमी सरांना द्यायला गेले. ते खाटेवर बसले होते. ऐकून त्यांचं तोंड कारल्यासारखं झालं.

"म्हणजे उत्तर नाई बदललं."

"सर, मुलगी लागली!"

"जागा भेटली बाई. उत्तर नाई भेटलं."

आतून बाई ताट घेऊन आल्या आणि त्यांनी ते सरांपुढे जरा जोरातच ठेवलं. "पोट्टी लागली ना? मंग आता जेवा. आन् ताटात काय आहे ते सांगू नका."

दोन्ही पोरं एकाच गाडीनं निघाली. सावलीच्या स्टँडवर बोरकुटे आणि कोडापे एकाच बाकावर, मध्ये दोन ट्रंका ठेवून बसले होते आणि पावसापाण्याचं बोलत होते. सर सगळ्यांत शेवटी आले. समीक्षा त्यांच्या पाया पडली आणि उठता उठता तिनं विचारलं, "सर, तिथंबी असाच प्रश्न आला तं काय लिहू? खरं का तालिकेतलं?"

मला वाटलं, आता हा माणूस शहाणा होणार आणि पोरीला सांगणार की गुण मिळतील ते लिही. कोडापेही त्यांच्याकडे पाहत होते.

"खरं लिही," सर म्हणाले. "गुण गेला तं मले फोन कर. मी येतो."

कोडाप्यांनी मान खाली घातली. ते खूश होते की नाही, मला कळलं नाही.

पुढे सर निवृत्त झाले. निरोपाच्या समारंभात केंद्रप्रमुखांनी त्यांना रोप भेट दिलं. ते बाईंनी जगवलं. सरांना साखरेनं धरलं, पाय सुजायला लागले, डॉक्टरांनी प्रवास बंद केला. कलप लावणंही त्यांनी सोडलं आणि केस मिशांना जाऊन मिळाले. एका रविवारी वसतिगृहातून समीक्षाचा फोन आला. सातवीत होती. विज्ञानाच्या नव्या मॅडमनी वर्गात कांद्याला मूळ म्हटलं होतं. तिनं हात वर करून नाही म्हटलं, तर मॅडमनी तिला खाली बसवलं होतं.

सोमवारी सकाळी सर पिशवीत कांदा टाकून एस.टी.त बसले. बाईंनी मला फोन केला तोवर गाडी सुटली होती.

त्यांची माझी भेट झाली ती गडचिरोलीच्या दवाखान्यात. त्या प्रवासानंतर पायाची सूज फार वाढली, म्हणून त्यांना भरती केलं होतं. हाताला सलाईन, चेहरा उतरलेला. मी रागवायच्या तयारीनंच गेले होते.

"काय मिळवलंत सर एवढं जाऊन?"

"काहीच नाई," ते खिन्नपणे म्हणाले. "मी सांगितलं, कांदा म्हणजे पानाचे जाड झालेले बुडं, एकात एक बसलेले. खालची चकती तेवढी खोड. आन् त्या चकतीले लोंबते ते मूळ. त्या मॅडमनं कांदा कापला, पाहिला, आन् म्हणे, हो सर, चुकलंच माझं. उद्या वर्गात सांगते. तेवढ्यात समीक्षाले बोलावलं आन् तिच्यासमोर बोलली, तू बरोबर होतीस. मले चहा पाजला." त्यांनी माझ्याकडे तक्रारीच्या नजरेनं पाहिलं. "असं करते काय बाई कोनी? मी रस्ताभर भाषन तयार करून गेलो होतो. साहेबाचं, समितीचं, सारं काढनार होतो. एक वाक्यबी कामी नाई आलं."

"मग त्या भाषणाचं काय केलंत?"

"मूलच्या स्टँडवर एक माणूस भजे खाऊन राह्यला होता. कांद्याचे. त्याच्याजवळ बसलो आन् त्याले सांगितलं."

"सगळं?"

"सारं. मधात पानीबी नाई पेलो."

"त्यानं ऐकून घेतलं?"

"पुरं ऐकलं. भला माणूस. मंग म्हणे, भाऊ, समजलं. आता खाऊ का? थंडे होऊन राह्यले."

हे सांगता सांगता सरांना हसू फुटलं. सलाईनचा हात हलू नये म्हणून बाईंनी तो धरून ठेवला, तरी पूर्ण खाट हलत होती. शेजारच्या खाटेवरचा म्हातारा, काय झालं ते माहीत नसताना, त्यांच्याबरोबर हसायला लागला. सर तिथून घरी आले नाहीत. पण त्या दुपारी नर्सनं दोनदा येऊन दटावलं, तरी ते दोघे हसतच होते.